वरवंट्याने ठोकलेली सायकल

माझी पहिली सायकल दुकानातून आली नाही, तुकड्यातुकड्याने आली. फ्रेम कल्याणहून, चाकं कोपरीहून, हँडल मामाच्या गिरणीतल्या एका दोस्ताकडून, आणि सीट कुठून आली ते मामाने मला कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बसायला मिळालंय ना, मग बस."

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, मी आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे हा मामा. गिरणीत फिटर होता. मी सतरा वर्षांची, शाळा चौथीत सुटलेली, पण वाचायचं वेड इतकं की वाण्याच्या पुडीतली डाळ डब्यात पडायच्या आधी पुडीचा कागद माझ्या हातात. कथेचा शेवट नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीत गेलेला असायचा.

आमच्या जवळच एक फिरतं वाचनालय होतं. फिरतं म्हणजे लोकांनी तिथे जायचं नाही, मासिकंच लोकांच्या घरी जायची. एक माणूस सायकलला पिशवी अडकवून घरोघर नवीन मासिक द्यायचा आणि जुनं परत घ्यायचा. त्या वर्षी तो गणपतीला गावी गेला तो तिकडेच शेती करत राहिला. हे कळल्यावर मी सरळ वाचनालयवाल्या काकांपुढे जाऊन उभी राहिले.

"काका, ते काम मी करते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सायकल येते?"

"येते." खोटं नाही सांगत, तलावाकाठी भाड्याची सायकल घेऊन शिकले होते. गुडघे त्याची साक्ष द्यायचे.

"आहे तुझ्याकडे?"

"दसऱ्यापर्यंत होईल."

"होईल म्हणजे? सायकल काय पापड आहे, घरी लाटायला?"

पण माणूस भला. म्हणाले, दुपारी घराघरांत बायकाच असतात, मुलगी आली तर त्यांनाही बरं. "दसऱ्याला सकाळी आठ वाजता सायकलवर बसून या दारात ये. नाही आलीस तर कळव्याचा एक जण विचारून गेलाय, त्याला ठेवीन. दिवाळी अंकांच्या दिवसांत मला खोळंबा परवडायचा नाही." आणि मी पायरी उतरत असताना मागून म्हणाले, "वाटायच्या आधी अंक वाचलास तरी चालेल. पानाला तेल लागता कामा नये."

पगार किती ते मी घरी जाऊन सांगू शकले नाही. त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नव्हतं.

मामाला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "तीन आठवडे आहेत. होईल." आई म्हणाली, "लग्नाच्या मुलीला सायकल?" त्यावर मामा म्हणाला, "ताई, चालत गेली तर नवरा लवकर मिळणार आहे का?" आई हसली, पण कबूल झाली नाही.

पुढच्याच रविवारी मामा कल्याणच्या कॅम्पात गेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने तिकडे काय काय टाकून दिलं होतं, त्याचा मोठा बाजार भरायचा. तिथून त्याने फ्रेम उचलली आणि शीळफाट्यावरून येणाऱ्या विटांच्या ट्रकवर बसून आला. विटांच्या राशीवर मामा, मांडीवर फ्रेम, दोघंही लाल. बायकी नव्हती ती, मधे आडवी दांडी असलेली पुरुषी फ्रेम होती. मी नुकती पाचवारी गोल पातळ नेसायला लागले होते आणि त्याचा मला कोण तोरा. आई दांडीकडे बघून म्हणाली, "आता नेस गुमान नऊवारी. कासोटा मारल्याशिवाय या घोड्यावर टांग पडायची नाही." तिने स्वतःचं एक जुनं लुगडं काढून दिलं, तेव्हा मला कळलं की बाई आतून आमच्या बाजूला सरकते आहे.

मग आमच्या पुढच्या खोलीत कारखानाच निघाला. मामा पाळीवरून आला की आम्ही दोघं जमिनीवर. गंज काढायला विटेचा तुकडा आणि रॉकेल. चाकाच्या तारा एकेक करून ओढायच्या, चाक फिरवायचं, कडेला खडू धरायचा, खडू लागला की तिथे चाक डुलतंय असं समजायचं. मामा त्याला "आउट काढणं" म्हणायचा. पहिल्या दिवशी ते चाक लग्नातल्या वरबापासारखं झुलत होतं, चौथ्या दिवशी खडूला जेमतेम शिवलं. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही थांबवून चाक फिरवून दाखवत होते. चाकाच्या आसातले छर्रे मी वाटीत रॉकेलमध्ये भिजत घातले होते. एक निसटला तो आईच्या उपासाच्या साबुदाण्यात सापडला. आई म्हणाली, "हा शिजला नसता."

हल्लीच्या मुलांच्या सायकलींना म्हणे सात-सात, एकवीस-एकवीस चक्रं असतात. आमच्याकडे पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, मधे साखळी. चढ आला की जोर लावायचा, नाही जमलं तर उतरायचं.

नवमीपर्यंत सायकल उभी राहिली. आणि इथेच घोळ झाला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मामा फिटर, म्हणजे त्याचा वर्षाचा सण तोच. पहाटेच आंघोळ करून त्याने पाने, हातोडी, पक्कड, कानस सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले, नारळ फोडला. आमच्याकडे रीत अशी की पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यानंतर उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू द्यायचं. आरती झाली, मी प्रसाद खाल्ला आणि हौसेने सायकलवर बसून पायडल मारलं. डावा पाय भसकन खाली गेला, सायकल जागच्या जागी.

पायडलचा दांडा मधल्या आसाला घट्ट बसावा म्हणून एक बोटभर लांबीची खिळी ठोकतात, तिला कॉटर म्हणतात. उजवीकडची मामाने ठोकली होती. डावीकडची डबीत होती. "उद्या ठोकू" म्हणून मीच ठेवली होती.

उद्या आठला वाचनालयाच्या दारात, आणि हातोडी दुपारपर्यंत झेंडूखाली.

"मामा, एकच ठोका."

"देवाने झोपवलंय त्याला. मी नाही उठवणार."

मी धावत सुटले. शेजारच्या सुताराकडे गेले, त्याची हातोडी पाटावर, कपाळाला कुंकू. कल्हईवाल्याकडे गेले, तिथेही तेच. सायकलच्या दुकानाला तोरण आणि दाराआड सगळी अवजारं ओळीने बसलेली, दुकानदार म्हणतो, "बाई, परवा या." अख्ख्या ठाण्यात त्या दिवशी एक हातोडी कामावर नव्हती. मला रडू यायला हवं होतं, पण त्या प्रत्येक हातोडीच्या डोक्यावर तेच झेंडूचं फूल बघून मला हसू आवरेना. रस्त्यातून मी एकटीच खिदळत घरी आले.

आई पाट्यापाशी बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला वरवंटा पदराला पुसून माझ्यापुढे धरला.

"याची नाही झाली पूजा. हत्यारांना सुट्टी असते, स्वयंपाकाला नसते. उद्या पुरण कोण वाटणार?"

मामाला हे चालेल की नाही ते त्यालाच ठरवता येईना. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बसला. "मी बघणार नाही. पूजा हत्यारांची झालीय, माझ्या तोंडाची नाही. मी सांगतो तसं कर." आईने दांड्याखाली लाकडाचा ओंडका दिला, मी कॉटर घातली, त्यावर लाकडाची ढलपी धरली आणि वरवंट्याने हाणलं. एक, दोन, पाच. मामा भिंतीला विचारत होता, "आवाज बसका येतोय का?" आई म्हणाली, "येतोय." नट बोटांनीच आवळला. वरवंट्याचा टवका उडाला, पण कॉटर अशी बसली की हलेना.

हलेनाच, हीच अडचण. कॉटर दोन्ही बाजूंनी घालता येते आणि मी उलट्या बाजूने घातली होती. मामा वळून बघतो तर उजवं पायडल बरोबर वर आणि डावं त्याच्या समोर खाली असायचं सोडून जरा पुढे सरकलेलं. घड्याळ लावायचं तर एक बारावर आणि दुसरं साडेपाचवर. मामा तोंडावर हात ठेवून हसायला लागला. "पोरी, लंगडी सायकल केलीस." काढायची तर पुन्हा हातोडीच हवी.

दसऱ्याला सकाळी नऊवारी नेसून, हँडलला झेंडूची माळ बांधून मी निघाले. काय सांगू तुम्हाला, प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. मी वरखाली होत चालले होते, जसं कुणी तुमच्या मागे उभं राहून दर पावलाला खांदा दाबतंय. लोक वळून बघत होते, ते बाईला बघत होते की हिसक्याला, देव जाणे. एक आजोबा म्हणाले, "अगं, हळू, पेंड्यांची गाडी येत्येय." मी म्हटलं, "हळूच चाललंय, आजोबा, सायकलच उड्या मारत्येय." आणि असं हसू फुटलं की हँडल थरथरलं.

आठला पाच मिनिटं कमी असताना मी दारात. काका बाहेरच उभे होते. सायकलभोवती एक फेरी मारून डाव्या पायडलापाशी वाकले.

"ही लंगडते का?"

"लंगडते, काका."

"दिवाळी अंकांच्या याद्या कोपरीपर्यंत वाटायच्या आहेत. मधे पडलीस तर?"

"तर उठून वाटीन."

त्यांनी आतून पिशवी आणून स्वतःच्या हाताने कॅरिअरला बांधली.

पहिलं घर तलावापलीकडचं. दार उघडणाऱ्या वहिनी कणकेच्या हातांच्या, यादी धरायला बोटंच मोकळी नाहीत. मी वाचून दाखवली. "यातला चांगला कुठला गं?" त्यांनी विचारलं. मला एकाचंही काही माहीत नव्हतं. म्हटलं, "आले की आधी मी वाचते आणि सांगते."

"मग मला सगळ्यात शेवटी आण," त्या म्हणाल्या, "नीट वाचून झाल्यावर."

त्या दिवशी मी असं आणखी अकरा घरांत सांगून आले.