खिळ्यांच्या बंदुकीला बांधलेला दोरा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. होऊन शेंदूरजनाघाटात बाबांच्याच धंद्यात उतरलो याची मला लाज नाही; गुर्मी आहे म्हणा हवं तर. बाबा जन्मभर संत्र्याच्या पेट्या हातोडीने ठोकत आले. मी शेडमध्ये कॉम्प्रेसर बसवला, हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक आणली, तिच्यासोबतचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि बाबांना आपल्या बोलीत समजावून दिलं.

खिळे भरताना हवेची नळी काढलेली पाहिजे. हवेच्या तोंडात रोज तेलाचा थेंब. काट्यावर दाब पाहायचा, मगच नळी जोडायची. डोळ्यांवर चष्मा. आणि मुख्य म्हणजे बंदुकीच्या नाकाला एक टोक पुढे आलेलं असतं. ते लाकडावर टेकून आत दाबलं जात नाही तोवर घोडा ओढला तरी खिळा सुटत नाही.

बाबांनी सगळं मनावर घेतलं, पण हातोडीची सवय काही सुटली नाही. बंदूक मुठीत गच्च, बोट घोड्यावर, फळी धरणारा डावा हात नाकाच्या अगदी जवळ. मी रोज टोकायचो. ते म्हणायचे, तुहं टोक हाय ना राखणीले.

दसऱ्याला मायने बंदूक पुसून पाटावर नाकावर उभी केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि लाल-पिवळा दोरा नाकापासून मुठीपर्यंत आवळून गुंडाळला. तिच्या हाताची गाठ म्हणजे सुटायची नाही. पूजेचा दोरा तोडायचा नसतो, आपोआप गळू द्यायचा, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बंदूक तशीच उचलली. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल तोडून पडला होता, पेट्या हव्या होत्या. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरपाशी होतो. त्यांनी खिळे भरले, चष्मा लावला, नळी जोडली, पेटीचा कोपरा डाव्या हाताने धरला.

आवाज एकच झाला. पुढचा खिळा वाजला नाही, म्हणून मी वळलो.

खिळा तळव्यातून फळीत उतरला होता. हात पेटीला जखडलेला. उजव्या मुठीत बंदूक तशीच, आणि ती मूठ दुखण्याने थरथरत होती. नाक कधी मांडीकडे, कधी पोटाकडे. बोट जरा ढिलं होऊन पुन्हा आवळलं असतं की दुसरा खिळा. माय धावत येऊन त्यांच्या खांद्याला बिलगली. मी बाबांकडे गेलोच नाही. कॉम्प्रेसरची नळी आधी उपसून काढली.

"बाप मरून राह्यला," माय म्हणाली, "अन् तू मशीनकडं पळून राह्यला?"

हवा सुटली तेव्हा मी बंदूक त्यांच्या मुठीतून सोडवली. दोऱ्याने ते टोक आत दाबून धरलं होतं. राखणीचं टोकच बांधलेलं. मी मायकडे पाठ फिरवून दोरा कापला आणि खिशात घातला.

खिळा उपटायचा नव्हता. मी हाताभोवतीची फळी करवतीने कापली. वरुडच्या दवाखान्यात पट्टी बांधून अमरावतीला न्यायला सांगितलं. रस्ताभर बाबा तो लाकडाचा तुकडा मांडीवर घेऊन बसले होते, हातासकट. माय पुढे ड्रायव्हरशेजारी देवाचं नाव घेत होती. बाबा माझ्या कानाशी आले.

"दोऱ्याचं तुह्या मायले सांगू नको. झुरून मरन ते."

त्यांनी पाहिलं होतं तर.

दोन बोटं मिटेनाशी झाली ती कायमचीच. हाताची विचारपूस करायला जो येई त्याला माय सांगे: शिकलेला हाय आमचा, आधी मशीन वाचवली, मंग बाप. मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. व्यापाऱ्यांशी भांडलो, कॉलेजात सरांशी भांडलो. हे मात्र गिळलं. ती मला वाढायची, पण ताटाकडे पाहून. वर्षभर रोज जेवताना वाटायचं, आज सांगून टाकावं. मग बाबांची ती दोन ताठ बोटं पाण्याच्या पेल्याला चाचपडताना दिसायची.

पुढच्या दसऱ्याला तिने पुन्हा बंदूक पाटावर उभी केली आणि दोरा हातात घेतला. मी म्हणालो, मशीनला नको बांधू. ती म्हणाली, "काहून?" बाबांनी अधू हात पुढे केला. "यंदा मले बांध."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बंदूक उचलून नाकाचं टोक अंगठ्याने दाबलं. ते आत गेलं, बाहेर आलं. तिने पुन्हा दाबलं आणि बराच वेळ अंगठा काढलाच नाही.

बाबांच्या मनगटाला तिने दोरा बांधला, पण इतका सैल की संध्याकाळपर्यंत तो गळून पडला.

त्याच संध्याकाळी सोनं द्यायला पाहुणे आले. कोणीतरी बाबांच्या हाताचं विचारलं. मी मायकडे पाहत राहिलो. म्हण की, आधी मशीन वाचवली म्हण. ती आमच्याकडे पाठ करून चुलीसमोर बसली होती. ते वाक्य तिच्या तोंडून तेव्हा आलं नाही, पुढेही कधी आलं नाही.