मध्यंतरात उठलेले पाटील

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातमी नाही, खांडबाऱ्याच्या बाजारातलं माझंच दुःख लिहितो.

माझ्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत मुलींच्या शिक्षणावरचा हिंदी बोलपट लागला आहे. शेवट पाहून डोळे भरून येतात, असं मुंबईच्या पेपरांनी लिहिलं. पण बाजाराला आलेली माणसं गाडी गाठायला मध्यंतरातच उठतात.

पडद्यावरच्या पोरीला बाप घराबाहेर काढतो तिथवरच पाहून आज ओळखीचे एक पाटील त्यांच्या लेकीला, सखूला घेऊन तसेच निघाले. माझ्या कानावर आलं, "शिकनी म्हनीसन बापनी तिले घरमाईन हाकली दिधं. सखू, उद्यापाइन तुन्ही शाळा बंद!"

शेवटी बापच तिला घरी आणतो, हे सांगायला मी स्टेशनापर्यंत मागे धावलो. "पाटील, थांबा ना! शेवटले तोच बाप तिले घर लई येस."

"शेठ, तुमले तिकिटं खपाडनी शेत. मी डोयाघाई देखं तेच खरं."

सखूनं वळून विचारलं, "काका, खरंच लई येस?"

मी हो म्हणेपर्यंत पाटलांनी तिला डब्यात चढवलं होतं.

एरवी मी रुसलेलं गिऱ्हाईकही हसवून परत बसवतो. आज जमलं नाही.

उद्या नवापूरला शेवटचं रीळ आधी लावीन म्हणतो. पण मंडळी, सखूची शाळा आजच सुटली, तिचं काय करू?