पुस्तकावरचं बोट

हसनाबादजवळच्या आमच्या शाळेत भाषेचे एक सर आहेत. वर्गात मूल वाचायला उभं राहिलं, की ते मोबाईल डस्टरला टेकवून व्हिडिओ सुरू करतात आणि "बराबर, आवाज मोठा," म्हणत बाजूला होतात. मग तो व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर जातो. लांबलांबचे शिक्षक 'वाचन कसं घेता?' म्हणून विचारतात, आणि मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून सर प्रत्येकाला उत्तर देत बसतात. मला आधी ती शोबाजी वाटायची. पण त्यांची मुलं खरंच वाचायला लागली.

आठवीतली एक मुलगी इतकं सुरेख वाचायची, की तिचा व्हिडिओ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत पार परक्या गावांत पोचला.

दिवाळीनंतर तिचे वडील शाळेत पेढे घेऊन आले.

"सर, तुमच्या व्हिडिओनं पोरीचं नशीब उघडलं. तेच पाहून पाव्हणे आल्ते. सोयरीक जमली."

"अहो, आठवीत आहे ती अजून! शाळेचं काय?"

"आता काय करायची शाळा? वाचता येतं न्हाई का तिला?"

सरांनी पेढा घेतला नाही. त्यांनी तक्रार केली, तर लग्न दुसऱ्या गावी नेऊन उरकलं.

सर अजूनही व्हिडिओ टाकतात. त्यात फक्त आवाज असतो, आणि पुस्तकावरून सरकणारं एक बोट. ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, 'सर, मुलांचे चेहरे का नाही दाखवत?'

तेवढ्या एकाच प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत.