उलट्या घडीची सोळा पानं

बाइंडरकाकांना इंग्रजी यायचं, पण फक्त 'सी-ओ-एन'पासून सुरू होणारं. प्रेसमध्ये नवे असताना त्यांनी शब्दकोशाचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानं छापलेला मोठा कागद, उलट्या घडीने दुमडला आणि कापूनही टाकला. पानांचा क्रम कुठल्या कुठे गेला. फोरमन कडाडला, "घरी ने आणि वाचत बस जन्मभर!"

काकांनी ते अगदी मनावर घेतलं. पानं शिवली, पुठ्ठा चढवला आणि चाळीस वर्षं वाचली. शब्द इंग्रजी, अर्थ आपल्या भाषेत. कन्फेस, कन्फ्यूज, कन्सोल, सगळं तोंडपाठ. बाकी इंग्रजीच्या नावाने शंख. दुकानाची पाटीसुद्धा मुलगा वाचून दाखवायचा. काकू म्हणायच्या, "आमच्या घरात एवढाच काय तो विद्वान!"

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. ती साधी वाटत नाही, आतड्याचा तुकडा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बापलेकांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "आईला कळू द्यायचं नाही. हाय खाईल ती." काकांनी मान डोलावली. अपेंडिक्स आहे, असं काकूंना सांगून दोघं मोकळे झाले.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने कागद पुढे केला. "वर पेशंटची सही, खाली तुमची. जरा लवकर हं काका."

कागदाच्या माथ्यावरच त्यांच्या ओळखीचा शब्द होता. कन्सेंट : सर्व जाणून घेऊन राजीखुशीने दिलेली संमती. नीट बांधलेल्या कोशात त्याच्या समोर दुसरंच काही आलं असतं. काकांच्या उलट्या घडीत मात्र समोरच्या पानावर कन्सील आला होता : जाणूनबुजून लपवणे. चाळीस वर्षं ते दोन्ही अर्थ एका नजरेत वाचत आले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा, नुसती सही तर आहे," मुलगा कुजबुजला.

"नुसती नाही रे."

कागद घेऊन ते आत गेले, काकूंच्या उशाशी बसले आणि गाठीपासून आतड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. सोळा पानांतला बाकीचा एक शब्द मदतीला येईल तर शपथ.

काकू म्हणाल्या, "अपेंडिक्ससाठी माझी बहीण दोन दिवसांचा प्रवास करून येते होय? कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कळलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्ही हाय खाल्ली असती." त्यांनी पेन मागून घेतलं. "चार दिवस एकटीच घाबरतेय मी. बसा आता इथे. जरा दोघं मिळून घाबरू."

सिस्टर दारात आली. काकांनी बोटाने तिला थांबायची खूण केली.