ज्येष्ठ रानडुक्कर

अर्जदार : मुरबाड येथे कचेरीसमोर अर्ज व तक्रारी लिहून देणारा इसम. आज वय वर्षे अठ्ठावन्न, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव भरपूर.

जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो : वरीलच इसम.

नुकसान झालेली व्यक्ती : अर्जदाराची पत्नी, सातवी पास, माहेर टोकावडे.

साक्षीदार : शेजारच्या वहिनी, माहेर सापगाव. दुसरा साक्षीदार नाही.

घटनेचा काळ : सन दोन हजार उलटल्यानंतरचा एक हिवाळा, ज्या दिवसांत भारनियमनाचे वेळापत्रक लोक कॅलेंडरशेजारी चिकटवून ठेवीत. नक्की तारीख मी कधी टिपून ठेवली नाही, याची नोंद घ्यावी. मामला घरचा असल्याने नावे मुद्दाम वगळली आहेत.

हकीकत अशी की, त्या वर्षी भाताच्या झोडणीसाठी पत्नी टोकावड्याला माहेरी गेली असता भाऱ्यांच्या उंच रचलेल्या उडवीवरून घसरली आणि तिचा उजवा पाय मोडला. सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले गेले. मुरबाडच्या आमच्या दोन खोल्यांत ती खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहू लागली. योगायोगाने त्याच सुमारास कल्याणला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने घर बदलायला घेतले आणि आपला कॉम्प्युटर तात्पुरता आमच्याकडे आणून ठेवला. टाइप केलेल्या अर्जांचे दिवस आले आहेत हे ओळखून मी मराठी टायपिंग शिकायचे ठरवले होते. हाताने लिहिलेल्या माझ्या अर्जांना तालुक्यात मान होता, तरी काळाच्या मागे राहणे माझ्यासारख्यास शोभले नसते.

मी दिवसभर कचेरीसमोर बसत असे. त्यामुळे कॉम्प्युटर मी शिकण्याआधी पत्नीच शिकली. त्यात मेहुण्याच्या मुलांनी घातलेला एक खेळ होता. एक माणूस हातात भाला घेऊन एका अनोळखी मुलुखातून जातो. वाटेत जनावरे आडवी येतात. त्यांना मारले की त्याची ताकद वाढते आणि तो पुढच्या मुलुखास पात्र होतो. सगळे लेखन इंग्रजीत होते. पत्नीला इंग्रजी येत नव्हते, पण रंग, चित्रे आणि आवाज यांवरून तिने तो खेळ असा आत्मसात केला की मी पाहतच राहिलो.

पहिल्या मुलुखात रानडुकरे होती. तपकिरी, बुटकी, तीन घावांत पडणारी. एका दुपारी मी जेवायला घरी आलो, तेव्हा ती त्यांना तण उपटावे तशी मारत चालली होती. शेजारच्या वहिनी भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"काय गो, पाय मोडला म्हनून हातानं शिकार चालू केलीस का?"

"बसा वयनी. पन बोलू नका."

"माझं अर्धं भात डुकरांनी खाल्लं तवा कुठं गेलतीस?"

"तवा माझ्याकडं भाला नव्हता," पत्नी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

आणि त्याच वेळी ते आले.

दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत सात-आठ तपकिरी डुकरे चरत होती. त्यांच्यामध्ये एक करडे होते. आकार तोच, चाल तीच. खेळ करणाऱ्यांनी त्याच्यासाठी वेगळे जनावर काढण्याचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. फक्त पाठीच्या कण्यावर पांढरे राठ केस होते आणि एक सुळा मोडलेला होता. प्रत्येक जनावराच्या डोक्यावर त्याचे नाव दिसत असे. या एकाच्या नावाआधी एक जादा शब्द होता. मी शब्दकोश काढून तो पाहिला. अर्थ निघाला : ज्येष्ठ.

माझ्या मनावर झालेला परिणाम मला आजही नीट मांडता येत नाही. कचेरीत सगळी टेबले एकसारखी असतात, सगळ्यांच्या मागे सारखीच दप्तरे रचलेली असतात. पण एका टेबलावरच्या पाटीवर 'लिपिक' याऐवजी 'ज्येष्ठ लिपिक' लिहिलेले असते आणि तिथे उभा राहणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. थोडा रंग आणि एक शब्द, एवढ्यावर एखाद्या निर्जीव चित्राला असा दरारा यावा, हे मी प्रथमच पाहत होतो. मी उभा होतो तो स्टुलावर बसलो. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

पत्नीने तीन घाव घातले. ते पडले नाही. दहा घातले. त्याने मान खाली घातली आणि अशी मुसंडी मारली की तिचा माणूस उडून दगडावर आपटला. मग त्याने एक हाक दिली. त्या छोट्या स्पीकरमधून निघालेला तो घोगरा आवाज ऐकून बाहेर ओट्यावरचे कुत्रे उठून उभे राहिले. सगळी तपकिरी डुकरे धावून आली आणि माणूस मेला.

"अगं, दोन घाव घालायचे आणि मागे व्हायचे. घाई कसली?" मी म्हणालो.

"तुमी कचेरीत मागं व्हता. मला नाय जमत."

वहिनी खळखळून हसल्या. मी जेवून निघून गेलो.

पुढचे तीन आठवडे मी रोज तिचा पराभव पाहिला. ती त्याच्याशी समोरासमोर उभी राहून लढे, कारण तोवर तिच्या माणसाकडे जाड चिलखत आणि औषधाच्या पुष्कळ कुप्या जमल्या होत्या. तरी ते पुरत नसे. अर्धे अधिक झुंजले की वेळापत्रकाप्रमाणे लाइट जाई. खेळाचा नियम असा होता की, गावातल्या दगडी चबुतऱ्यापर्यंत परत आल्याखेरीज झालेले काही जमा होत नसे. म्हणजे करड्याला मारायचे ते लाइट असलेल्या तीन तासांतच, आणि जगून परतही यायचे.

मी एकदा तिला म्हणालो, की एका चित्रासाठी इतका जीव का आटवायचा. त्यावर तिने खेळ तिथेच थांबवला. मग म्हणाली, "आमच्या वरईच्या शेतात असंच एकलं डुक्कर आलतं. मी राखणीच्या माळ्यावर डबा बडवत बसलेले. बाबा खाली. त्यांना उचलून टाकलं त्यानं. मी डबा बडवत ऱ्हायले, खाली उतरलेच नाय." सासरे अखेरपर्यंत लंगडत चालले हे मला माहीत होते. कारण लग्नानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच कळले.

त्यानंतर मी तिला काही बोललो नाही. मेहुण्याचा निरोप आला होता की नवे घर तयार झाले, रविवारी टेम्पो येईल. तोपर्यंत ती खिंड ओलांडेल की नाही, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला होता.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी पत्नीला तपासणीसाठी वहिनी रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. मी घरी एकटा होतो. करड्या जनावराशी मला एकदा स्वतःच्या हातांनी झुंजून पाहायचे होते. मी कोण, माझा दर्जा काय, हे सर्व जाणूनही ते आकर्षण मला आवरले नाही, हे मी मान्य करतो. खेळ सुरू केला आणि यादीतल्या पहिल्याच ओळीवर बाण नेऊन बटण दाबले. लगेच एक चौकट आली. तीत एक इंग्रजी वाक्य आणि त्याखाली दोन शब्द : होय, नाही. वाक्यातले 'जुने' आणि 'पुसणे' हे दोन शब्द मला कळले. जुने पुसायचे का, असा प्रश्न होता. पुसायचे नाही, हे माझे उत्तर स्पष्ट होते.

परंतु ज्या माणसाने वीस वर्षे सरकारी नमुने भरले, त्याच्या हाताला एकच वळण असते. नमुन्यात 'होय / नाही' असते आणि कंसात लिहिलेले असते : लागू नसेल ते खोडावे. आपण नको असलेल्या शब्दावर रेघ मारतो, हवा असलेला शब्द तसाच राहतो. रहिवासी आहे की नाही, विवाहित आहे की नाही, शेतकरी आहे की नाही, हजारो माणसांच्या बाबतीत मी असेच खोडत आलो. त्याच हाताने मी बाण 'होय' या शब्दावर नेला आणि बटण दाबून तो शब्द खोडला.

पडदा काळा झाला. मग तोच माणूस दिसला, उघड्या अंगाचा, हातात साधी काठी, पहिल्याच वाटेवर उभा. चिलखत नाही, भाला नाही, कुप्या नाहीत. तीन आठवडे गेले होते.

पत्नी परत आल्यावर मी तिला सांगितले, "लाइट गेली आणि आली. त्यात सगळं पुसलं गेलं."

तिने पडद्याकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे गो, डुकरंच ती." पत्नीने विजेला एक शिवी हासडली, जी मी येथे नमूद करू शकत नाही, आणि दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून खाटेवर ठेवला. मग काठीवाल्या माणसाला चालवू लागली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. लाइट असेल तेवढा वेळ ती खेळे. लाइट गेली की खिडकीतून रस्त्याकडे पाहत बोटे मोडत बसे. चिलखत मिळवायला वेळच उरला नव्हता, म्हणून शनिवारी सकाळी ती नुसत्या भाल्यानिशी खिंडीत पोचली. मी त्या दिवशी कचेरीत गेलो नाही. कारण विचारता 'काम आहे' असे सांगितले.

करड्याने मान खाली घातली. पूर्वी ती भाला रोखून उभी राहत असे. या वेळी ती बाजूला झाली. ते तीरासारखे सरळ निघून गेले आणि वळायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात तिने मागून दोन घाव घातले.

"डुक्कर सरळ येतं," ती म्हणाली, मला की स्वतःला हे कळले नाही. "बाबा सांगायचे. आपन नुसतं बाजूला व्हायचं."

पुन्हा मुसंडी, पुन्हा बाजूला, पुन्हा दोन घाव. त्याने हाक दिली, तपकिरी डुकरे आली, तर ती अशा जागी उभी राहिली की करड्याचीच मुसंडी त्यांच्यात घुसावी. वहिनी भाकरीचे पीठ लागलेल्या हातांनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. हे किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. शेवटी ते थांबले, पुढचे पाय दुमडले, आणि एवढे मोठे भासणारे ते जनावर इतर डुकरांसारखेच, तितक्याच लहान आवाजात, कुशीवर पडले.

तिने परत चबुतऱ्याकडे जायला हवे होते. लाइट जायला थोडाच अवकाश होता. ती परतली नाही. खिंडीतून पुढे गेली.

पलीकडे एक प्रचंड उतार होता, वाऱ्यावर हलणाऱ्या गवताचा, आणि त्या उतारावर शेकडो डुकरे चरत होती. सगळी करडी. सगळ्यांच्या पाठीवर पांढरे केस, सगळ्यांच्या नावाआधी तोच शब्द. आम्ही ज्याच्यापुढे तीन आठवडे माना खाली घातल्या, तो तिकडचा सर्वांत साधा प्राणी होता. दूर, उताराच्या टोकाला, एक काळे काहीतरी उभे होते. त्याचे नाव वाचण्याइतके जवळ आम्ही नव्हतो.

"अगो बाय," वहिनी हळूच म्हणाल्या.

पत्नी हसत होती. डोळे पुसत होती की नाही हे मी पाहिले नाही, कारण मी त्या उताराकडेच पाहत होतो. मग लाइट गेली.

रविवारी टेम्पो आला आणि कॉम्प्युटर गेला.

सर्व पुसले गेले म्हणूनच तिला बाजूला होण्याची आठवण आली, असा बचाव मला करता येईल. असे बचाव मी इतरांसाठी पुष्कळ लिहिले आहेत. येथे मी तो घेत नाही. तिचे तीन आठवडे मी खोडले आणि दोष विजेवर टाकला. ती आजही लाइट गेली की त्या मंगळवारची शिवी देते आणि मी ऐकून घेतो.

सबब विनंती अशी की, सदर लेखन पत्नीने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचावे. विजेवरील आरोप मागे घ्यावा. जाबदारास योग्य ती शिक्षा द्यावी, ती त्यास मान्य राहील. निकाल तोंडी दिला तरी चालेल, मात्र तो लवकर द्यावा आणि शक्यतो वहिनी घरी नसताना द्यावा, ही नम्र प्रार्थना.