मिनीबस आता कूम टॉपला जात नाही

इंग्लंड म्हणजे लंडन, अशी आमच्या गावाकडं अजून समजूत. फोन केला की मेहुणा हमखास विचारतो, "आप्पा, राजवाडा जवळ आहे का तुमच्या?" मी सांगतो, जवळ आहे तो मेंढ्यांचा वाडा. त्याला वाटतं थट्टा करतो. खोटं नाही हो! रीडिंग शहर सोडून पश्चिमेला निघालं की ऑफिसांच्या काचा मागं पडतात, रस्ता आकसतो, दोन्ही बाजूंची झुडपं अंगावर येतात आणि मोबाइलची रेंज जाते. रेंज गेली की समजायचं, आमचा मुलूख आला. मुलगा शार्दूल, ज्याच्याकडं मी येऊन राहिलोय, रोज ट्रेननं रीडिंगला नोकरीला जातो. मी मात्र इथं पुरता रमलोय.

हा मुलूख मला दाखवला नंदानं. नंदा मूळची वाईकडची, माझ्या मुलीच्या वयाची. नवरा राजीव ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला शेताकडेचं घर हवं होतं म्हणून दोघं विलोफर्ड गावात आली. पुढं राजीव वारला, मुलगी तनिषा नोकरीला वॉटफर्डला गेली, आणि नंदा मिनीबस चालवायला लागली. मोठी बस इकडं फिरकतच नाही. गावकऱ्यांची कमिटी आहे, कमिटीची एक पांढरी मिनीबस आहे, आणि चालवणारे सगळे हौसेचे, बिनपगारी. त्यात नंदा सर्वांत जुनी.

मी पहिल्यांदा चढलो तेव्हा आरशात माझी टोपी बघून ही चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, पट्टा लावा. इथं नुसतं देवाचं नाव घेऊन भागत नाही." तेव्हापासून दर बुधवारी पुढची सीट माझी, आणि मी तिचाही आप्पा.

काय काय दाखवलं तिनं! विलोफर्ड म्हणजे नदीकाठचं, त्यातल्या त्यात भरलेलं गाव. दुकान आहे, डॉक्टर आहे, शाळेत पोरं आहेत. पुढं लिटल हॅझली. गवती छपरांची घरं, चित्रात काढल्यासारखी आणि तितकीच मुकी. मालक लंडनला, शनिवारी येतात, धुराड्यातून धूर काढतात, रविवारी जातात. तिथलं जुनं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, आता कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. मला कुठं ठाऊक! मी खिडकीसमोर हात जोडले, तर आतून एका बाईनं कॉफीचा कप उंच करून मला उलट नमस्कार केला. त्याच्यापुढं शर्यतीच्या घोड्यांचे तबेले. घोडे फिरवणारी पोरं कुणी पोलंडची, कुणी राजस्थानची. एक शेखावाटीचा पोरगा मला हळूच म्हणाला, "बाबा, घोड्याला हिंदीच कळते, मालकाला सांगू नका." आणि शेवटी, मोठी चढण चढून, कूम टॉप. मूठभर घरं, वारा, मेंढ्या आणि डोरीन.

डोरीन मेंढपाळाची विधवा, नव्वदीकडं झुकलेली, डोळ्यांनी अधू. बुधवारी हॅट घालून फाटकापाशी उभी. बस वेळेवर आली तरी चढताना म्हणणार, "नंदा, आज उशीर केलास." मग विलोफर्डच्या कॅफेत बसून एका मैत्रिणीशी कडाडून भांडायचं आणि टवटवीत होऊन परत जायचं. आठवड्यात तिचं माणसांशी बोलणं तेवढंच.

कमिटीचे अध्यक्ष जेफ्री थकले, तिथून गोष्ट सुरू झाली. बस कुठं जाणार आणि कुठं नाही, हे तिथं अध्यक्षच ठरवतो. क्लाइव्ह म्हणून एक निवृत्त मॅनेजर आहेत, त्यांचं मत उघड होतं. चढणीवर गाडीचं इंजिन झिजतं, आणि कशासाठी, तर एका म्हातारीसाठी! नंदाला ते मुळीच मान्य नव्हतं. एका बुधवारी गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "आप्पा, मला अध्यक्ष व्हायचंय. राजीव गेल्यापासून मला काही हवं असं वाटलंच नव्हतं. हे हवंय."

वार्षिक सभेला मीही गेलो. गावचा हॉल, चहाची किटली, बशीत बिस्किटं. जेफ्री उठले आणि म्हणाले, "माझ्या मते नंदाच योग्य. नंदा, होशील ना अध्यक्ष?"

सगळे हसून तिच्याकडं वळले. आणि नंदा काय म्हणाली?

"छे छे, मी कशी? माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत इथं."

मी मनात म्हटलं, शाब्बास, आता दुसऱ्यांदा विचारतील.

जेफ्रींनी मान हलवली. "बरोबर आहे. तू आधीच किती करतेस. आम्ही समजू शकतो." आणि दुसरीकडं वळले. "मग आणखी कुणी?"

क्लाइव्हनी घसा खाकरला. "अगदी कुणीच नसेल, तर मी बघेन म्हणतो."

टाळ्या! किटलीतलं पाणी उकळायच्या आत सगळं उरकलं.

आता तुम्ही मराठी माणसं, तुम्हाला निराळं काय सांगायचं? आमच्या गावात सोनबाचा जावई पहिल्या दिवाळसणाला आला, आणि पुरणपोळीला "पुरे" म्हणाला. वाढणारी धाकटी मेहुणी, अल्लड. तिनं खरंच पोळी माघारी नेली. जावई अर्धपोटी उठला आणि पुढं कितीतरी दिवस सासुरवाडीला फिरकला नाही. गावानं बोल कुणाला लावला? मेहुणीला! पुरे म्हणणं त्याचं काम, आग्रह करणं तिचं. नंदा या देशात उभा जन्म राहिली, भाषा शिकली, इथल्या रस्त्यांवर बस चालवायला शिकली. पण जिवाभावाची गोष्ट पुढ्यात आली, तेव्हा तोंडून माहेरचंच वळण निघालं.

तनिषा आईला भेटायला आली होती, तिनं आपल्या मोडक्या मराठीत घरी धारेवर धरलं. "आई, तुला हवा होता ना? मग नाही का म्हटला?"

"अगं, एकदम हो म्हणणं बरं दिसतं का?"

"पण दे आस्क्ड यू! एकदा विचारतात, दॅट्स इट."

"मला वाटलं, परत विचारतील."

"परत कोण विचारते? इट्स रूड, आई!"

थोड्याच दिवसांत कूम टॉपची फेरी बंद झाली. नंदा क्लाइव्हकडं गेली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि खऱ्या नवलानं म्हणाले, "पण नंदा, आम्ही तुला विचारलं होतं."

ती आपल्या गाडीनं डोरीनला आणायला गेली, तर म्हातारी हटून बसली. "बस माझी हक्काची होती. मला उपकार नकोत." हिवाळ्यात ती अंगणात पडली. मुलानं तिला लांबच्या एका केअर होममध्ये नेलं आणि घर विकलं. घेणारं जोडपं लंडनचं, शनिवारवालं.

पुढच्या सभेत क्लाइव्हनी सांगितलं, "कूम टॉपहून आता बसची मागणीच उरलेली नाही." हे अक्षरशः खरं होतं.

या खेपेला तनिषानं आईला पढवून धाडलं होतं. नव्या वर्षाच्या अध्यक्षाचा विषय निघाला, तशी नंदा उभी राहिली. "मला अध्यक्ष व्हायचंय."

हॉलमध्ये कुणी मोठ्यानं ढेकर द्यावा तसं झालं. कुणी बिस्किटांकडं बघू लागलं, जेफ्री आपल्या बुटांकडं. मग ते हळूच म्हणाले, "वा, उत्तम विचार. फक्त क्लाइव्ह आत्ता कुठं रुळलेत." हात वर झाले ते क्लाइव्हसाठी. माझा हात नंदासाठी होता, पण मी पडलो पाहुणा, त्याला कोण विचारतो!

सभा संपली, नंदा नेहमीसारखी कप विसळायला गेली. मी पुसायला फडकं घेतलं. क्लाइव्हची बायको आत डोकावली. "नंदा, तू नसतीस तर आमचं कसं झालं असतं गं!" म्हणाली, आणि उष्ट्या कपांचा आणखी एक ट्रे ठेवून गेली.

"आप्पा," नंदा नळाकडं बघत म्हणाली, "विचारलं तेव्हा नको म्हटलं, ते चुकलं. न विचारता हवं म्हटलं, तेही चुकलं. मग माणसानं बोलायचं तरी काय?"

मी हातातला कप तसाच खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो कप पुसा नीट, ओला राहिलाय."

बुधवारी बस तबेल्यांपाशीच माघारी वळली. चढणीकडं नंदानं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.