मेजरांच्या रानातला आंबा

“हात दाव.”

बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन कोणी गेलं की मेजर पेढा बाजूला ठेवून आधी एवढंच म्हणत. मग पोराचा तळहात धरून अंगठ्यानं घट्टे चाचपत. मार्क विचारायचे ते शेवटी. आमच्या म्हसवडकडच्या गावांत सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात; हे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ज्याला विचारल्याशिवाय पोरांचं पुढचं ठरत नाही असा माणूस तुमच्याही गावात असेल.

माझा हात बघितला तेव्हा वडील शेजारी होते. आमच्या घरात दहावीपुढं कोणी गेलेलं नव्हतं.

“ॲग्रीला घाल हिला,” मेजर म्हणाले.

“आवं मेजर, शेतीच करायची तर कॉलेज कशाला?”

“शेती सुटावी म्हणून शेती शिकायची, गड्या! चार वर्सं काढायची, मग सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची. सायबीण हुईल पोरगी. तुला कवा कळायचं?”

गावातून ॲग्रीला गेलेल्या आम्हा सगळ्यांचं कारण खरं तर एवढंच. मातीची ओढ वगैरे आम्ही नंतर, मुलाखतीत सांगायला शिकलो. पण त्या एका वाक्यामुळं मी आज कृषी खात्यात नोकरीला आहे, हे विसरता येत नाही.

त्यांची लेकही माझ्याच वर्गात होती. तिच्यासाठी नियम वेगळा.

“तू मातूर माघारी यायचं. आपली डाळिंबं तू बघायची.”

“वा! गावच्या पोरी सायबिणी, आन् मी खुरपं?”

“नवा ट्रॅक्टर घितो की तुला.”

“आदी तुमी तरी हाय त्यो ट्रॅक्टर मागं घ्यायला शिका. गोठ्याची भिंत अजून वाकडी हाय.”

सांगलीकडच्या कॉलेजातून आम्ही सुट्टीला आलो की ते आम्हाला रानात नेत. डागाळलेलं पान पुढं धरून विचारत, “ह्ये काय?” आम्ही रोगाचं लांबलचक नाव सांगायचो. संध्याकाळी पारावर ते नाव सगळ्यांना ऐकवायचे. बागेवर रोग नाही, बक्षीस आल्यासारखे.

लेक परीक्षा पास झाली. नेमणूक विदर्भात. मेजरांनी गावभर पेढे वाटले. माझ्या वडिलांनी विचारलं, “आता डाळिंबं कोण बघायचं?”

“म्या हाय की अजून,” मेजर म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा पुढच्या घराकडं नेला.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. अलीकडं आमच्याकडं राख नदीत सोडत नाहीत. आपल्याच रानात घालतात आणि वर झाड लावतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी ॲग्रीला पाठवलेले आम्ही सगळे रजा काढून आलो. कोणी बँकेत, कोणी बियाण्यांच्या कंपनीत, कोणी माझ्यासारखं सरकारात. पोरांनी गड्याच्या हातून कुदळ घेतली. खणता खणता सगळ्यांच्या हाताला फोड आले.

“खड्डा उन्हात म्हैनाभर तापवायला लागतोय,” एक जण म्हणाला.

“मेजर थांबलं असतं व्हय तेवढं?” दुसरा म्हणाला. कोणीतरी हसलं.

बाकी सगळं नियमाप्रमाणं झालं. शेणखत, राख, आंब्याचं कलम. शेजारी काठी रोवली. सुतळी सैल बांधली, खोड जाड झाल्यावर काचू नये म्हणून. मेजरांच्या घरच्या काकींनी कळशी ओतली आणि विचारलं, “उद्यापासनं पाणी कोण घालनार?”

“आई, तू माझ्यासंगं चाललीस,” लेक म्हणाली.

काकी आमच्याकडं बघत राहिल्या. माझी रजा संध्याकाळी संपत होती. एकानं गाडीची किल्ली चाचपली.

दिवाळीला गेले तेव्हा रानात गवत होतं. काठी सरळ उभी होती. सुतळीचा सैल फास तिला तसाच होता, आत कलम नव्हतं.